टोपणनाव चालणार नाही

मी झोपलेला असतो, असा माझ्यावर आरोप झाला आणि तो फिनलंडमधून झाला. छत्तीस वर्षं विमा कार्यालयात नोकरी केली, त्यात साहेबांनी मला हट्टी म्हटलं, युनियनवाल्यांनी भित्रा म्हटलं, एका एजंटानं तर आणखी बरंच काही म्हटलं. पण झोपलेला कोणी म्हटलं नव्हतं. दुपारी दोन ते चार मी पडतो हे खरं आहे. पण ते उज्जैनमध्ये, नानाखेड्यात, स्वतःच्या पलंगावर. त्याची नोंद फिनलंडनं ठेवायचं कारण काय?

आमची कन्या निहारिका बंगलोरला कॉम्प्युटरमध्ये आहे. गेल्या दिवाळीत ती आली आणि इथल्या मराठी समाजासाठी तिनं ‘क्षिप्रातीर कट्टा’ काढून दिला. फेसबुकसारखंच, पण मालक कोणी शेठ नाही. गावोगावच्या लोकांनी आपापले कट्टे काढायचे, आपापले सांभाळायचे, आणि सगळे कट्टे एकमेकांना जोडलेले. इथं लिहिलेलं तिकडे दिसतं, तिकडचं इथं. फक्त प्रत्येक कट्ट्याला एक व्यवस्थापक लागतो. “बाबा, तुम्ही रिटायर आहात,” असं ती म्हणाली आणि मी व्यवस्थापक झालो. आमचे पूर्वज दरबारात चिटणीस होते, तेव्हा दफ्तर सांभाळणं रक्तातच आहे, असं मी समाजाच्या बैठकीत बोललोसुद्धा.

एकतीस सभासद झाले. त्यात सगळ्यात हौशी निघाल्या आमच्या सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना घरात, कॉलनीत आणि भाजीवाल्याकडे सगळे अक्काच म्हणतात. त्यांची मुलगी, म्हणजे माझी बायको अलका, तीही अक्काच म्हणते. एका बोटानं टाइप करत अक्का रोज शाळेची एक आठवण लिहायच्या. एके दिवशी पलीकडून कोणीतरी उत्तर दिलं आणि अक्का अंगणातल्या अंगणात दोन फेऱ्या मारून आल्या. त्यांची शाळेतली मैत्रीण ठकी सापडली होती. साठ वर्षांनी! ही ठकी आता ठार बहिरी, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. तिच्या नातवानं तिला कुठल्याशा पक्षीप्रेमींच्या कट्ट्यावर घातलं होतं आणि तो कट्टा चालायचा फिनलंडमधून. दोघी म्हाताऱ्या रोज सकाळी दहा ते अकरा लिहून भांडायच्या.

भांडण पडद्याचं होतं. मॅट्रिकच्या वर्षी गॅदरिंगमध्ये शाळा-तपासनीस भाषणाला उभे असताना मागचा पडदा बांबूसकट त्यांच्या डोक्यावर आला. उजवी दोरी अक्कांच्या हातात होती, डावी ठकीच्या. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारपूस न करता अक्कांना दोषी धरलं आणि ग्वाल्हेरला जाणाऱ्या लेझीमच्या चमूतून त्यांचं नाव काढलं. ग्वाल्हेरला ठकी गेली. हे सांगताना अक्कांचा आवाज अजूनही बदलतो. तर एका गुरुवारी ठकीनं लिहिलं, ‘पडदा कोणी सोडला ते मला माहीत आहे. उद्या सांगते.’

आणि शुक्रवारी फिनलंडनं आम्हाला बंद केलं.

आता यामागे काय घडलं होतं ते सांगतो, म्हणजे माझी चूक किती लहान होती ते कळेल.

दिवाळीनंतर कट्ट्यावर नवे सभासद येऊ लागले. पहिली आली लिंडा. फोटो पोहण्याच्या पोशाखातला. कट्ट्यावर बायकामाणसं असल्यामुळे मी तो फोटो पुन्हा पुन्हा उघडून आक्षेपार्ह आहे की नाही ते ठरवत होतो, तेवढ्यात अलकानं लिंडाला विचारलंसुद्धा, ‘आपण मूळच्या कुठल्या?’ उज्जैनमधला मराठी माणूस दुसऱ्या मराठी माणसाला पहिला प्रश्न हाच विचारतो. उत्तर मिळेपर्यंत पाणीसुद्धा देत नाही. लिंडानं लिहिलं, ‘हॅलो डिअर.’ अलकाला वाटलं, सून असेल कोणाची तरी, परदेशातली, लाजत असेल. तिनं संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण दिलं. लिंडा म्हणाली, ‘यस डिअर.’ अलकानं तिच्यासाठी भैरवगढच्या छापाचा एक ब्लाउजपीस वेगळा काढून ठेवला. तो अजून कपाटात आहे.

लिंडामागून रॉबर्ट आला, तो लोकांना श्रीमंत करायचा. मग केस उगवणारं तेल आलं, गुडघे बसवणारं तेल आलं, आणि तीन आठवड्यांत सभासदसंख्या चारशे दोन झाली. हे सगळे स्पॅम आहेत, म्हणजे माणसंच नाहीत, असं निहारिकानं फोनवर सांगितलं. “बाबा, एक बटण आहे, दाबून टाका.”

मी दाबणारच होतो. पण कट्टा समाजाच्या नावावर, आणि समाजाचे सचिव गोपाळराव मुंगी. वय चौऱ्याहत्तर, महसूल खात्यातून निवृत्त, आणि समाजाची घटना तोंडपाठ.

“चिटणीस, बटण कसलं दाबताय?” ते म्हणाले. “चाळीस वर्षं मी मेंबरशिप वाढवायला मर मर मरतोय, सव्वाशेच्या वर आकडा हलला नाही. तुम्ही तीन हफ्त्यांत चारशे केलेत. भोपाळवाले जळून खाक झालेत!”

“पण ती माणसं नाहीत, गोपाळराव.”

“हे घटनेत कुठं लिहिलंय?”

घटनेत खरोखरच लिहिलेलं नव्हतं. उलट असं होतं की कोणत्याही सभासदाला काढायचं तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी आणि सर्वसाधारण सभेत दोन-तृतीयांश सभासदांच्या उपस्थितीत ठराव करावा. मी तीनशे एकाहत्तर नोटिसा लिहिल्या. ‘आपण मनुष्य नसल्याचे निदर्शनास आले असून, आपले सभासदत्व रद्द का करू नये याचा खुलासा करावा.’ दोनशेनव्वद जणांनी उत्तर पाठवलं. इतका प्रतिसाद समाजाच्या कुठल्याही परिपत्रकाला आजवर मिळालेला नाही. रॉबर्टनं तर खुलाशासोबत मला श्रीमंत करण्याची तयारी दाखवली. आणि सभेचं काय? चारशे दोनच्या दोन-तृतीयांश म्हणजे दोनशे अडुसष्ट. आम्ही माणसं एकतीस. म्हणजे स्पॅमला काढायला निदान दोनशे सदतीस स्पॅम सभेला हजर हवेत.

शेजारचे व्यासजी कुंपणावरून हे सगळं ऐकत असतात. त्यांचं स्वतःचं असं काही चालू नसल्यामुळे ते दुसऱ्यांच्या अडचणीत मनापासून लक्ष घालतात. “भिया, सीधे कम्प्लेन डालो,” ते म्हणाले. “अपना पहचान का है एक.”

त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी त्या पहचानवाल्याकडे गेलो. कार्यालय कोणतं ते सांगत नाही. माणूस सज्जन होता. त्यानं पेढा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ये लिंडा रहती कहाँ है?”

“माहीत नाही. मतलब, पता नहीं.”

“तो जहाँ रहती है, वहीं के थाने में होगा ना, अंकल.” मग जरा विचार करून तो म्हणाला, “और मशीन किसके नाम पे है?”

“समाज के. चलाता मैं हूँ.”

“तो दुनिया भर में ये तेल का प्रचार कर कौन रहा है?”

व्यासजींनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत थोडा संशय होता आणि थोडा आदर. परत येताना त्यांनी मला स्कूटर जरा हळू चालवून घरी आणलं, आणि दुसऱ्या दिवशी कुंपणावरून हलक्या आवाजात विचारलं, “वैसे वो बालवाला तेल काम करता है क्या?”

याच सुमारास आमची मंडळी जगभरच्या कट्ट्यांवर जाऊन तेल विकत होती. एकेक कट्टा आम्हाला बंद करू लागला, म्हणजे आमचं त्यांना आणि त्यांचं आम्हाला दिसेना, आणि त्या शुक्रवारी पक्षीप्रेमींनीही तेच केलं. बंद केलेल्यांची यादी सगळ्यांना दिसेल अशी लावलेली असते. आमच्या नावापुढे कारण होतं, ‘स्पॅमचा अड्डा. व्यवस्थापक झोपलेला.’

मला ते इतकं लागलं की मी त्या दिवशी दुपारी मुद्दाम जागा राहिलो.

अक्कांना मात्र माझ्या अपमानाशी देणंघेणं नव्हतं. दहा वाजता त्या चष्मा लावून बसायच्या आणि अकरा वाजता उठायच्या. “मधुकरराव, ठकीचं काही आलं?” “नाही, अक्का.” निहारिका म्हणाली, आजीला दुसऱ्या कट्ट्यावर खातं काढून देते. अक्का म्हणाल्या, “स्वतःचं घर सोडून लोकांच्या ओट्यावर बसून बोलू का मी?” ठकीचा पत्ता त्यांनी घेतला नव्हता, कारण रोजच भेटणाऱ्या माणसाचा पत्ता कोण विचारतं? आठव्या दिवशी त्या दहा वाजता बसल्याच नाहीत. गवार निवडत राहिल्या. अलकानं माझ्याकडे असं बघितलं की मी सरळ उठून गोपाळरावांच्या घरी गेलो.

मी म्हटलं, “गोपाळराव, माझ्या घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई गप्प झाली आहे. काहीतरी कलम काढा.”

त्यांनी घटना उघडली. माणूस वाईट नाही, आकड्याचा मोह होता इतकंच. तासाभरानं त्यांचं बोट थांबलं. कलम एकोणीस: लागोपाठ तीन सभांना विनाकारण गैरहजर राहणाऱ्याचं सभासदत्व आपोआप संपतं.

“पण तीन सभा म्हणजे तीन वर्षं!”

“सभांमध्ये किती अंतर पाहिजे, ते कुठं लिहिलंय?” गोपाळराव म्हणाले, आणि त्या क्षणी मला ते फार थोर वाटले.

रविवारी देवास गेटजवळच्या एका धर्मशाळेत आम्ही चार वाजता, पाच वाजता आणि सहा वाजता अशा तीन वार्षिक सभा घेतल्या. प्रत्येक सभेत हजेरी झाली. “लिंडा?” गोपाळराव पुकारायचे, मग घटनेप्रमाणे एक सेकंद थांबायचे. “गैरहजर.” पहिल्या सभेचं इतिवृत्त दुसरीत वाचून कायम झालं. दोन सभांच्या मध्ये अर्धा तास स्थगिती आणि पोहे-जलेबी होती. सात वाजता तीनशे एकाहत्तर स्पॅम आणि चार मराठी कुटुंबं समाजातून बाहेर झाली. चार ते सात अलका भाजीबाजारात होती, तिन्ही सभा चुकल्या, तिचंही सभासदत्व गेलं. त्यावर ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

मी फिनलंडला कळवलं की आम्ही स्वच्छ झालो. तिथल्या व्यवस्थापिकेचं उत्तर आलं, भाषा सभ्य होती. ‘पुन्हा असं होणार नाही कशावरून? नवीन अर्ज तुम्ही तपासता का? महिनाभर तपासा आणि नामंजूर केलेल्यांची यादी दाखवा.’

अर्ज तपासणं! हे म्हणजे मला माझ्या खुर्चीवर परत बसवण्यासारखं होतं. मी आणि गोपाळरावांनी बारा रकान्यांचा फॉर्म तयार केला. पूर्ण नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, मूळ गाव. पाचवा रकाना, कट्ट्यावरच्या परिचय देणाऱ्या सभासदाचं पूर्ण नाव, आणि त्याखाली गोपाळरावांच्या आग्रहानं जाड अक्षरात, ‘टोपणनाव चालणार नाही.’ नववा रकाना पत्ता. बारावा, ‘येण्याचे कारण.’

विमा कार्यालयात आम्हाला एक शिकवलेलं होतं. क्लेमच्या कागदात एक रकाना चुकला की पुढचं वाचायचं नाही, कागद परत. पुढे वाचलं की माणसाला दया येते आणि टेबल साचतं. या पद्धतीनं मी रोज सकाळी झपाझप काम उरकायचो. ज्यांना पाचव्या रकान्यात समाजाच्या छापील यादीतलं नाव लिहिता आलं त्यांचे अर्ज पास. नंतर कळलं की ती यादी समाजाच्या वेबसाइटवरच आहे, आणि त्यामुळे बावीस तेलवाले अगदी बरोबर परिचय देऊन आत आले होते. सगळ्यांचा परिचय गोपाळरावांनी दिला होता.

नामंजूर मात्र मी कडकपणे केले. विशेषतः एक बाई फारच चिवट होती. कल्पना भागवत. तिनं सहा वेळा अर्ज केला. पाचव्या रकान्यात दर वेळी तेच, ‘इंदू विष्णू पारसनीस.’ मी सभासदांचं रजिस्टर वरपासून खालपर्यंत पाहिलं. कोणी इंदू नाही, कोणी पारसनीस नाही. सहाही वेळा मी तिला कळवलं, ‘आपला अर्ज विचारपूर्वक नामंजूर करण्यात आला आहे. व्यवस्थापक.’ फिनलंडला दाखवायला याहून चांगला नमुना मिळाला नसता.

महिना संपला. मी बसस्टँडसमोरच्या दुकानातून यादी छापून आणली, सगळ्या रकान्यांसकट, आणि तिची एक प्रत निहारिकाकडे पाठवून दिली, भाषांतर करून पुढे धाडायला. दुसरी प्रत जेवणाच्या टेबलावर ठेवून अलकाला माझं काम समजावून सांगू लागलो. अलका नुकतीच बोलायला लागली होती, तेव्हा प्रसंग महत्त्वाचा होता.

“ही बघ. ही कल्पना भागवत. हिच्यासारखी स्पॅमर उभ्या उज्जैनमध्ये... म्हणते काय, तर इंदू पारसनीस ओळखते मला. कोण ही इंदू पारसनीस?”

गवारीच्या शेंगा मोडायचा आवाज थांबला.

“मी,” अक्का म्हणाल्या.

मला आधी समजलंच नाही. अक्कांचं नाव मालती. रेशनकार्डावर मालती, पेन्शनच्या कागदावर मालती, आमच्या लग्नपत्रिकेवर मालती.

“ते सासरचं,” अक्का म्हणाल्या. “ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं, आणि मी मालती झाले. त्याआधी अठरा वर्षं इंदू होते. कल्पनासुद्धा तिचं सासरचंच असणार. ठकीचं खरं नाव यमुना.”

चौतीस वर्षं मी या बाईंच्या हातचं जेवतो आहे. बारा रकान्यांचा फॉर्म मी जगाला भरायला लावला, आणि माझ्याच घरातल्या माणसाचं नाव मला भरता आलं नसतं. अलकालाही अक्कांच्या माहेरचं आडनाव तेवढं माहीत होतं. इंदू तिनंही पहिल्यांदाच ऐकलं. आणि ते आडनाव तिनं मला सांगितलं असतं, जर मी तिला तीन सभांनी सभासदत्वातून काढलं नसतं.

अक्कांनी हात पुसले, भिंग आणलं आणि कागद पुढे ओढला. पाचव्या रकान्यापाशी मी थांबायचो. त्या थेट बाराव्यावर गेल्या आणि मोठ्यानं वाचू लागल्या.

पहिला अर्ज, येण्याचे कारण: ‘मैत्रिणीशी बोलणं अर्धवट राहिलं आहे.’

दुसरा: ‘इंदू तुमच्याकडेच आहे. रोज लिहायची. नीट बघा.’

तिसरा: ‘पडद्याचं सांगायचं आहे. मी एक्याऐंशीची आहे, उगीच उशीर करू नका.’

“थापा मारते,” अक्का म्हणाल्या. “माझ्याहून तीन महिन्यांनी लहान आहे.”

चौथ्या अर्जाला त्यांचा आवाज जरा खाली आला. ‘इंदू, पडदा मीच सोडला. डावीकडची गाठ माझ्या हातून सुटली, बांबू तुझ्या बाजूनं कलला. बाईंनी तुझं नाव घेतलं आणि मी गप्प बसले. मला ग्वाल्हेर बघायचं होतं. तिथं तीन दिवस मला जेवण गेलं नाही.’

पाचवा: ‘सांगितलं का तिला?’

सहावा: ‘इंदू, तुमचा व्यवस्थापक गाढव आहे.’

मला त्या सहाव्या अर्जाबद्दल खुलासा करावासा वाटत होता, पण वाईट त्याहून जास्त वाटत होतं. एका म्हातारीनं साठ वर्षांनी कबुली दिली होती आणि मी ती विचारपूर्वक नामंजूर केली होती.

“अक्का,” मी म्हटलं, “कळलं ना शेवटी, कोणी सोडला ते.”

“ते मला त्याच दिवशी माहीत होतं. समोरच उभी होती ना ती.” अक्कांनी भिंग डब्यात ठेवलं. “तिनं म्हणावं एवढंच हवं होतं मला.” मग पदरानं डोळे टिपून त्यांनी माझ्यापुढे कागद सरकवला. “नवव्या रकान्यात पत्ता आहे. सागरला बस कुठून जाते?”

तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो, भोपाळला गाडी बदलली. वाटेत निहारिकाचा फोन आला. फिनलंडनं आमच्यावरची बंदी उठवली होती. खाली एक टीप होती, ‘नामंजूर यादीतली एक बाई माणूस असल्यासारखी वाटते. कृपया पुन्हा तपासावे.’ हे त्यांना तिकडे बसून, भाषांतरातून कळलं होतं.

सागरला दोन वाजता रिक्षा थांबली. अक्का सावकाश उतरत होत्या, म्हणून मी पुढे होऊन दार वाजवलं. नातसुनेनं उघडलं. आत व्हरांड्यात खुर्चीवर एक बारकीशी म्हातारी बसली होती, मांडीवर पाटी आणि हातात खडू. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

नातसून पाटीकडे बोट दाखवून म्हणाली, “लिखके दीजिए, सुनाई नहीं देता.”

मी लिहिलं, ‘उज्जैनहून आलो. कट्ट्याचा व्यवस्थापक.’

म्हातारीनं ते वाचलं, पदरानं पुसलं आणि काहीतरी लिहून पाटी माझ्याकडे फिरवली. ‘परिचय देणाऱ्याचे पूर्ण नाव. टोपणनाव चालणार नाही.’

मी खडू घेतला आणि जपून, एकेक अक्षर लावून लिहिलं, ‘इंदू विष्णू पारसनीस.’

तिनं पाटी वाचली आणि मान वर केली, पण माझ्याकडे नाही. माझ्यामागे अक्का उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या. पाटी खाली पडली. नंतर त्या दोघींनी काय केलं ते मी नीट पाहिलं नाही, कारण मला चष्मा पुसावा लागला. अक्का तिला आत घेऊन गेल्या. घर तिचं, पण घेऊन अक्का गेल्या. दार त्यांच्या मागे लोटलं गेलं.

मी दोन्ही पिशव्या घेऊन बाहेर व्हरांड्यात उरलो. आतून हसण्याचा आवाज आला, मग पाटीवर खडू चालल्याचा, मग पुन्हा हसण्याचा. तासाभरानं नातसून चहा घेऊन आली तेव्हा मी खुर्चीवर होतो. तिनं आत जाऊन अक्कांना काय सांगितलं ते मला झोपेतसुद्धा स्पष्ट ऐकू आलं.

“दादी, वो साहब तो सो गए.”